वर्कर प्लेसमेंट खेळात सोंगटी आधी कुठे ठेवावी

वर्कर प्लेसमेंट प्रकारच्या खेळात प्रत्येक भिडू आळीपाळीने आपली एकेक सोंगटी पटावरील एखाद्या जागेवर ठेवतो. त्या जागेचे काम त्याला मिळते आणि बहुतेक जागा त्या फेरीपुरत्या इतरांना बंद होतात. आपल्याला काय हवे आहे, हे नव्या भिडूलाही दोन डावांत कळू लागते. त्यातले आधी काय घ्यावे, हे कळायला मात्र मला कितीतरी डाव हरावे लागले. उदाहरणांसाठी मी उवे रोझेनबर्ग यांचा २००७ साली आलेला ॲग्रिकोला हा शेतीचा खेळ घेतला आहे, कारण चुकलेल्या क्रमाची इतकी रोखठोक किंमत वसूल करणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

पट नियमपुस्तिकेप्रमाणे मांडावा. मित्रांपैकी कोणी नवखा असेल, तर पहिले दोन डाव हातातल्या पत्त्यांशिवाय खेळावेत; नाहीतर सगळे पत्ते वाचत बसतात आणि पटाकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.

पहिली खेळी करण्यापूर्वी सोंगट्या कधी वाढवायच्या, हे ठरवून टाकावे. ॲग्रिकोलात सोंगटी म्हणजे आपल्या कुटुंबातले एक माणूस. ‘आधी पोटाची सोय, मग कुटुंब’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. हिशेब करून पाहावा. ॲग्रिकोलात १४ फेऱ्या असतात आणि सुरुवातीला दोन माणसे, म्हणजे कुटुंब न वाढवता संपूर्ण डावात २८ खेळ्या मिळतात. पाचव्या फेरीत तिसरे माणूस आले, तर ते सहाव्या फेरीपासून काम करते आणि नऊ जादा खेळ्या देते. ठरावीक फेऱ्यांनंतर सुगी येते आणि तेव्हा कुटुंबाला जेवू घालावे लागते; या माणसाला प्रत्येक सुगीला दोन अन्न लागते. चौथ्या फेरीनंतरची सुगी टळलेली असल्यामुळे सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या फेरीनंतरच्या पाच सुग्या मिळून दहा अन्न होते. मजुरीच्या जागेवर एका खेळीत दोन अन्न मिळते. म्हणजे अगदी मजुरी करून त्याला पोसले, तरी पाच खेळ्या त्याच्या पोटासाठी जातात आणि चार हाती उरतात. शिवाय डावाच्या शेवटी त्या माणसाचे तीन गुण मिळतात. प्रत्यक्षात मजुरी करावी लागतच नाही, कारण चूल घेतलेली असली की साचलेल्या तीन मेंढ्यांमधून एका खेळीत सहा अन्न निघते. मात्र सुगीच्या वेळी जितके अन्न कमी पडेल तितके भीक मागण्याचे पत्ते घ्यावे लागतात आणि प्रत्येक पत्त्यामागे तीन गुण वजा होतात. म्हणून अन्नाची तजवीज कुटुंब वाढवण्याच्या बरोबरीने करावी, त्याच्याआधी नव्हे.

आता खरा अवघड भाग, म्हणजे फेरीतला क्रम. मी अनेक महिने प्रत्येक फेरीत सर्वांत जास्त फायद्याची वाटणारी जागा आधी घेत असे. ही सवय किती महाग पडते, हे मला दोघांच्या एका डावात उमगले. चौथी फेरी होती, अन्नाची सोय दोघांचीही झालेली होती आणि पहिली खेळी माझी होती. माझ्याजवळ सहा लाकडे होती. कुटुंब वाढवायला घरात रिकामी खोली हवी; लाकडी खोली बांधायला पाच लाकडे आणि छपरासाठी दोन बोरू लागतात, आणि बोरूंच्या जागेवर चार फेऱ्यांचे चार बोरू तसेच साचलेले होते. समोरच्याजवळ एकही लाकूड नव्हते, त्याअर्थी त्याला बोरूंची घाई नसणार, असे गृहीत धरून मी आधी धान्य घेतले. त्याने चारही बोरू उचलले आणि दुसऱ्या सोंगटीने जंगलात साचलेली सहा लाकडे घेतली. पाचव्या फेरीत कुटुंबवाढीची जागा उघडली. त्याने पहिल्या सोंगटीने खोली बांधली आणि दुसऱ्या सोंगटीने त्याच फेरीत कुटुंब वाढवले. रिकामी खोली नसल्यामुळे मला ती जागा अडवताही येत नव्हती. मी पाचव्या आणि सहाव्या फेरीत एकेक बोरू गोळा केला आणि माझे तिसरे माणूस आले ते सातव्या फेरीत. ज्या धान्यासाठी हे सगळे घडले, ते धान्य मला दुसऱ्या सोंगटीनेही मिळाले असते.

त्या डावात माझ्या दोन चुका झाल्या आणि नव्या भिडूंकडून नेमक्या त्याच दोन होताना मी पाहतो. धान्याच्या जागेवर दर फेरीला एकच धान्य मिळते. आज न मिळाले तर उद्या तेवढेच मिळणार, म्हणून तिथली घाई फुकट असते. बोरू, लाकूड, माती, मेंढ्या यांच्या जागांवरचा माल मात्र दर फेरीला साचत जातो, आणि एकदा कोणी तो उचलला की पुन्हा तेवढा साचायला तितक्याच फेऱ्या जाव्या लागतात. दुसरी चूक अशी की, समोरच्याच्या हातात या क्षणी काय आहे एवढेच मी पाहिले. फेरी संपेपर्यंत त्याच्या हातात काय येऊ शकते, हे पाहायला हवे होते.

तेव्हापासून मी सोंगटी उचलण्यापूर्वी प्रत्येक जागेबद्दल स्वतःला एकच प्रश्न विचारतो: माझी पुढची पाळी येईपर्यंत ही गेली, तर माझे किती फेऱ्यांचे नुकसान होईल? ज्या जागेचे उत्तर सर्वांत मोठे असेल, तिथे पहिली सोंगटी ठेवावी, मग तिचा तात्काळ फायदा दुसरीपेक्षा कमी का असेना. २००८ च्या स्टोन एज या खेळातही हेच लागू पडते. तिथे शिकारीच्या जागेवर सोंगट्यांना मर्यादा नाही, म्हणून शिकारीला शेवटी जावे. शेत, अवजारे आणि झोपडी या गावातल्या जागा आधी घ्याव्यात.

पाळीचा विचारही याच हिशेबात येतो. ॲग्रिकोलात पहिल्या खेळीचा मान आपोआप फिरत नाही. तो मिळवायला एक सोंगटी खर्च करावी लागते. पाळी डावीकडे सरकते, त्यामुळे उजवीकडच्या भिडूने तो मान घेतला की आपण काहीही न खर्चता दुसरे होतो, आणि डावीकडच्याने घेतला की थेट शेवटचे. म्हणून डावीकडच्या शेजाऱ्यावर लक्ष ठेवावे, आणि पुढच्या फेरीत एखादी जागा चुकवून चालणारच नसेल, तेव्हाच स्वतःची सोंगटी त्या मानासाठी घालवावी.

दुसऱ्याला निव्वळ अडवण्यासाठी सोंगटी ठेवू नये. दोघांच्या डावात समोरच्याचा तोटा हा आपला फायदा असतो. चौघांच्या डावात मात्र आपण एकाला अडवण्यात खेळी घालवतो आणि उरलेले दोघे फुकटात पुढे जातात. अडवायची जागा आपल्यालाही उपयोगी असेल, तर अवश्य घ्यावी.

मित्रांसोबत खेळताना विचार दुसऱ्याची पाळी चालू असतानाच करावा. नवख्याला नियम कितीही वेळा समजावून सांगावा, पण त्याची खेळी आपण सुचवू नये. बोरूंचा धडा मला कोणी आधी सांगितला असता, तर तो माझ्या लक्षात राहिला नसता.

शेवटच्या तीन फेऱ्यांत क्रम पुन्हा बदलतो. तोवर बरीच शेती पडीक असते आणि पडीक राहिलेल्या प्रत्येक चौकोनामागे एक गुण वजा होतो. धान्य, भाजी, मेंढ्या, रानडुकरे, गुरे यांपैकी जे अजिबात नसेल, त्याचाही एकेक गुण जातो आणि त्यातले पहिले एकच मिळाले तरी एक गुण मिळतो. त्यामुळे पाचव्या मेंढीपेक्षा पहिली भाजी मोलाची असते. अन्नाचा हिशेब मात्र इथेच हमखास चुकतो, कारण तेराव्या आणि चौदाव्या फेरीनंतर लागोपाठ सुगी येते आणि मध्ये सावरायला एकच फेरी मिळते. चौघांच्या कुटुंबाला या दोन सुग्यांना मिळून १६ अन्न लागते. ते कुठून येणार, हे बाराव्या फेरीतच मोजून ठेवावे.