शोभेची कोंबडी आणि नागपूरचा उन्हाळा

माझं काम कूलरचं. मार्च लागला की मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या भागात घरोघरी पंप बदलणं, ताट्या भरणं, मोटर वाइंड करणं. बाकीचे आठ महिने पंखे, मिक्सर आणि बोअरच्या मोटरी. घरामागच्या अंगणात कोंबड्या आहेत, शोभेच्या, सध्या एकोणीस. मोटर न्यायला आलेलं गिऱ्हाईक तिकडे डोकावतं आणि मोटर विसरून विचारतं, "भाऊ, हे काय हाय जी? कोंबडी हाय का ससा?" मग दुसरा प्रश्न ठरलेला, "आमच्या घरी जगतीन का?"

जगतात. पण फोटो पाहून घ्यायच्या नाहीत, मे महिना डोळ्यांपुढे ठेवून घ्यायच्या. फोटोत सगळ्याच राजेशाही दिसतात. आणि घ्यायच्या तर ऑक्टोबरात, म्हणजे उन्हाळ्याआधी त्यांना तुमच्या घराची आणि तुम्हाला त्यांची सवय व्हायला चार-पाच महिने मिळतात. एप्रिलमध्ये पिंजऱ्यात बसून दूरचा प्रवास करून आलेली कोंबडी फुकट मिळाली तरी मी घेत नाही.

पहिली जोडी सिल्कीची घ्या. पिसं म्हणायची, पण कापूस पिंजून अंगाला चिकटवल्यासारखी. साध्या पिसाचे धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. सिल्कीत त्या आकड्या नाहीत, म्हणून पीस सुटं, लोकरीसारखं राहतं. तिच्या बऱ्याचशा खोडी यातूनच निघतात. तिला उडता येत नाही. पाणी अंगावरून ओघळत नाही, मुरतं. पावसात भिजली की संध्याकाळपर्यंत कुडकुडत बसते. उंच दांडीवर चढता येत नाही, म्हणून रात्री खाली कोपऱ्यात एकमेकींना खेटून ढीग करून झोपतात, आणि त्यामुळे जमिनीवरचा भुसा रोज कोरडा लागतो. घेताना पीस फुंकरीनं बाजूला करा, खाली चामडी काळपट-निळी दिसली पाहिजे. मग पाय पाहा. साध्या कोंबडीला बोटं चार असतात, सिल्कीला पाच. विकणारा शपथ घेत असेल तरी बोटं मोजाच.

अशीच काळी चामडी मध्य प्रदेशातल्या झाबुव्याच्या कडकनाथचीही, आणि दोघींत हा रंग एकाच जनुकातल्या बदलानं आलेला आहे. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लोक तिच्याकडे मटणाच्या भावानं बघतात. मी तिला शोभेतच धरतो. उन्हात तिच्या काळ्या पिसांवर हिरवट झाक मारते ती पाहिली की मोरही फिका वाटतो. शिवाय ती आपल्या शेजारच्याच मुलखातली, उन्हाला सरावलेली. खोड एकच, ती खुडूक बसायला फारशी तयार नसते. सिल्कीचं नेमकं उलटं. एका सिल्कीनं माझ्या टाकीच्या फ्लोटचा प्लास्टिकचा गोळा पोटाखाली घेऊन पाच दिवस काढले होते. म्हणून माझ्याकडे कडकनाथची अंडी सिल्कीखाली जातात. पांढऱ्याशुभ्र कापसाखालून कोळशासारखी पिल्लं निघतात तेव्हा आमची आई दर वेळी म्हणते, "इचे लेकरं कोनावर गेले वं?"

दुसरी निवड उलट्या पिसांची, म्हणजे फ्रिझल. पिसं अंगाकडे न वळता बाहेर वळलेली असतात. वादळातून आल्यासारखी दिसते. लोकांना वाटतं नाजूक असेल. पण पिसं अंगाला चिकटलेली नसल्यानं उष्णता अडकून राहत नाही, आणि आपल्या हवेत तो मोठा गुण आहे. उघड्या मानेच्या कोंबड्यांचंही तेच. दिसायला गिधाडाच्या नात्यातल्या, पण मे महिन्यात सगळ्यात तरतरीत त्याच. फ्रिझलची जोडी लावताना मात्र एक पक्षी उलट्या पिसांचा आणि एक सरळ पिसांचा ठेवा, अर्धी पिल्लं उलट्या पिसांची निघतात. दोन्ही उलट्या पिसांचे लावले तर चौथा हिस्सा पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की अंग उघडं पडतं. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं.

डोक्यावर झुपका असलेली पॉलिश, जिला विकणारे पॉलिश कॅप म्हणतात, ती गर्दीत ठेवू नका. झुपक्यामुळे तिला वरचं आणि बाजूचं दिसत नाही. मागून हात लावला की उडी मारते आणि बाकीच्या तिचा झुपका उपटत राहतात. मी दर महिन्याला नखं कापायच्या बोथट टोकाच्या कात्रीनं डोळ्यांपुढची पिसं कापतो. बायको टॉवेलमध्ये गुंडाळून धरते, मी एकेक पीस उचलून बघतो. बुडाशी निळसर दिसलं तर त्या पिसात अजून रक्त आहे, ते सोडायचं. सेब्राइट पाहायला सगळ्यात सुंदर, प्रत्येक पिसाला काळी किनार, जणू कुणी बसून बोरूनं काढली आहे, आणि कोंबड्याची पिसंही कोंबडीसारखीच. पण तिची अंडी नीट उबत नाहीत, पिल्लं नाजूक असतात, नवख्यानं नादी लागू नये. जपानी बँटमचे (बँटम म्हणजे ठेंगण्या जातीची कोंबडी) पाय आखूड असतात, ते ज्या जनुकामुळे, ते आई-बाप दोघांकडूनही आलं की पिल्लू अंड्यातच मरतं. दोघंही आखूड पायांचे असतील तर चौथा हिस्सा अंडी त्यातच जातात, त्याला औषध नाही.

राहिली ब्रह्मा आणि कोचीन. नावं आपल्या ब्रह्मपुत्रेची आणि व्हिएतनामातल्या कोचीन-चायनाची, पण दोघींचं मूळ चीनकडचं. एकोणिसाव्या शतकात तिथून निघालेल्या मोठ्या कोंबड्या विलायत-अमेरिकेत वाढवल्या गेल्या आणि नावं भलतीकडची चिकटली. थंड मुलखासाठी घडलेला पक्षी. अंगभर दाट पिसं, पायावरही पिसं. ब्रह्माचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, आणि कोंबडी बरीचशी उष्णता तुऱ्यातून बाहेर टाकते हे लक्षात घ्या. तरीही मी साडेतीन हजार देऊन जोडी आणली होती. पाहणारा हरखतो, माझंही तसंच झालं.

आता उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. श्वासावाटे ओल बाहेर जाते आणि ओलीबरोबर उष्णता. म्हणजे कोंबडी स्वतःच एक कूलर आहे. आणि कूलरचं जे दुखणं तेच तिचं, हवा आधीच ओली असली की काम बंद. नवतप्यात बाहेर ४५ असतं, पण हवा इतकी कोरडी की साध्या ताट्यांचा कूलर आत तिशीच्या आसपास आणून ठेवतो. तेव्हा माझं एकही पाखरू मेलं नाही. ब्रह्माची मादी गेली ती जूनच्या मध्यावर, मृगाची पहिली सर पडून गेल्यावर, जेव्हा बाहेर जेमतेम ३६ होतं. पाऊस आत येऊ नये म्हणून मी खुराड्याला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली आणि सवयीनं कूलर चालू ठेवला. पंपही चालू. रात्री साडेअकराला बघितलं तर ती भिंतीला टेकून धापा टाकत होती, मला वाटलं दिवसभराचा थकवा असेल. पहाटे ताडपत्री सोडली तर आतून तोंडावर वाफ आली, स्वयंपाकघरात कुकर उघडल्यासारखी. ती भुशावर मान टाकून पडली होती. घरोघरी गिऱ्हाइकाला सांगत फिरतो, 'मागची खिडकी उघडी ठेवा, हवा जाईन कुठं?' आणि माझ्याच खुराड्याला खिडकी ठेवली नव्हती.

म्हणून कूलर लावायचा तर समोरची बाजू पूर्ण मोकळी ठेवून. पाऊस पडून गेला की पंपाची पिन काढायची, नुसता पंखा चालवायचा. कूलर नसला तरी चालतं: पश्चिमेच्या बाजूला गोणपाट, दुपारी १२ आणि ३ वाजता त्यावर पाणी, छपरावर तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) किंवा गवताचा थर. नुसता टिनाचा पत्रा म्हणजे तवा. पाणी पसरट मातीच्या भांड्यांत, ती अर्धी जमिनीत पुरून, सावलीत. दाणा पहाटे आणि दिवस मावळल्यावरच द्या. पोटातलं पचतानाही अंगात उष्णता होते, म्हणून भर दुपारी दाणा नाही, टरबुजाच्या साली तेवढ्या टाका. लू लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, तसा कोंबड्यांना कांदा चारणारे आहेत. तो त्यांना सोसत नाही, देऊ नका. एखादी फारच धापा टाकत असेल, मान लटपटत असेल, तर बादलीत साध्या पाण्यात छातीपर्यंत धरा, डोकं कोरडं. बर्फाचं पाणी नको.

खुराड्याचं थोडक्यात सांगतो. बँटमला आत दोन चौरस फूट, ब्रह्माएवढ्या पक्ष्याला चार, आणि बाहेर फिरायला याच्या दुप्पट तरी. षटकोनी डोळ्यांची मुर्गी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही. अर्ध्या इंची वेल्ड जाळी लावा आणि ती एक फूट जमिनीत उतरवा. दांडी जड पक्ष्यांसाठी एक फुटावर, रुंद. उंचावरून उडी मारली की तळव्याला जखम होऊन आत पू साचतो. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून ठेवा, त्यात लोळून त्या पिसवा झटकतात. पायावर पिसं असलेल्यांचे पाय पावसाळ्यात दर दोन दिवसांनी उचलून बघा, चिखलाचे गोळे सुकले की बोट गळून पडेपर्यंत कळत नाही.

लस चुकवू नका, शोभेची कोंबडीही मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं, मरते. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा या मानमोडीच्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची, आणि आठव्या आठवड्यानंतर आर२बी, ही मानमोडीचीच दुसरी लस. अडचण अशी की कुपी शे-दोनशे पक्ष्यांची असते आणि पाण्यात कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. आम्ही आसपासचे पाच घरचे पाळणारे एकच तारीख धरतो, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो आणि सायकलवरून घरोघरी फिरवतो. नवा पक्षी आणला की तीन आठवडे वेगळा. २०२४ च्या डिसेंबरात इथल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, तपासात बर्ड फ्लू निघाला. कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तर मेलेली नाल्यात फेकू नका, खड्ड्यात चुना टाकून पुरूही नका घाईनं. हात न लावता आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, ते नमुने घेतात.

अंडी उबवायला बसवायची ती सप्टेंबर ते जानेवारी, म्हणजे होळीपर्यंत पिल्लांच्या अंगावर पिसं आलेली असतात. सिल्कीखाली तिची स्वतःची सात-आठ मावतात, त्याहून जास्त ठेवली की कडेची थंड पडतात. सातव्या रात्री दिवा घालवून अंड्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा. आत कोळ्यासारखा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढा. २१ दिवस. ती खुडूक असताना दिवसातून एकदा उचलून दाण्यापाशी नेऊन सोडावी लागते, नाहीतर उपाशी बसून राहते. पिल्लांना पहिला महिना चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्यच. घरची तांदळाची चुरी वरखर्चाला, पोटभर नाही. आणि पाण्याच्या ताटलीत चार गोटे टाका. सिल्कीचं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.

निम्मी पिल्लं कोंबडे निघणार. सिल्कीत चार-पाच महिन्यांपर्यंत कोण कोण आहे ते कळतही नाही, पहाटे घोगरी बांग ऐकू आली की कळतं. चार-पाच माद्यांना एक कोंबडा ठेवा, बाकी विका किंवा बदलून घ्या. आमच्या मागच्या घरातल्या काकूंना पहाटे चारची बांग सोसवेना, तेव्हापासून कोंबडे रात्री अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात जातात आणि सहाला बाहेर निघतात. दर आठवड्याला त्यांच्याकडे सहा अंडी जातात, ती वेगळी.