छाटणी शिकताय? आधी झाड आतून कसं असतं ते पाहा, आणि या चुका टाळा

बोटाला कापलं की त्या जागी नव्या पेशी येतात आणि काही दिवसांनी जखम कुठे होती तेही सापडत नाही. झाडाला ही सोय नाही. कापलेलं किंवा सडलेलं लाकूड पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही, ते झाडाच्या पोटात तसंच राहतं. झाडाच्या हातात दोनच गोष्टी असतात: जखमेभोवती आतून तटबंदी उभारायची आणि बाहेरून नव्या लाकडाचे थर चढवून ती झाकायची. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे तपासलं आणि १९७७ मध्ये या तटबंदीचं चार भिंतींचं प्रारूप मांडलं. आजच्या शास्त्रशुद्ध छाटणीचा पाया तोच. आपल्याकडे या कामात येणाऱ्या मुलामुलींना दोर बांधणं आणि करवत चालवणं लगेच शिकवतात, पण हा भाग राहून जातो. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

जिवंत थर किती पातळ आहे, हे विसरणं

नुकत्याच तोडलेल्या आंब्याच्या किंवा जांभळाच्या ओंडक्याचा काप जवळून बघा. सगळ्यात बाहेर मेलेली, खडबडीत साल. तिच्या आत ओलसर, मऊ आतली साल. पानांत तयार झालेली साखर खाली मुळांपर्यंत नेणाऱ्या रसवाहिन्या इथे असतात. त्याच्या आत कँबियम, म्हणजे जेमतेम काही पेशींचा, बोटाला नुसता बुळबुळीत लागणारा थर. खोड जाड होतं ते याच्यामुळे: हा थर आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करत राहतो. मग रसकाष्ठ, ज्यातल्या जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर चढवतात. अगदी मध्यभागी गाभा, बहुतेकदा गडद रंगाचा आणि पूर्ण मृत.

आता रस्त्याकडेच्या झाडांना आवळलेले लोखंडी ट्री-गार्ड, विजेच्या माळांच्या तारा आणि फलकांचे खिळे आठवा. तार रुतते ती थेट रसवाहिन्यांवर. गंमत नाही, घात हा की झाड लगेच वाळत नाही. पाणी आतल्या लाकडातून वर जात असतं, म्हणून पानं कित्येक महिने हिरवी दिसतात. उपाशी मरत असतात ती मुळं. खोड तारेच्या वर फुगलेलं आणि खाली बारीक दिसलं तर साखर वर अडकली आहे असं समजावं. तार दिसते तेवढी कापून सोडवा. सालीत पूर्ण गडप झालेला तुकडा उकरून काढू नका, त्याने नवी जखम होते.

फांदी खोडाला चाटून कापणं

माझ्या मते आपल्या शहरांत सर्वांत जास्त झाडं या एका चुकीने खराब होतात. फांदी खोडापासून गुळगुळीत, सपाट कापली की काम स्वच्छ दिसतं, म्हणून मुकादमही खूश असतो. पण फांदी जिथे खोडातून निघते तिथे खालच्या बाजूला एक फुगीर वलय असतं, त्याला कॉलर म्हणतात. वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची सुरकुतलेली काळपट घडी दिसते. कॉलर हा खोडाचा भाग आहे, फांदीचा नाही, आणि फांदीतली कुज खोडात शिरू न देणारी यंत्रणा तिथेच असते. कॉलर कापली म्हणजे झाडाचा पहारेकरीच कापला.

उलट चूक म्हणजे वीतभर खुंटी ठेवणं. खुंटीला पानं नाहीत, त्यामुळे ती मरते आणि बुरशीला आत यायची वाट करून देते. नवं लाकूडही तिच्यावरून चढून जखम मिटवू शकत नाही.

जड फांदीसाठी तीन काप घ्यावेत. पहिला खालून, खोडापासून साधारण फूटभर अंतरावर, जाडीच्या पाव भागापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी सुटून पडते आणि खाली साल सोलत येत नाही. तिसऱ्या कापाने उरलेली खुंटी कॉलरच्या अगदी बाहेरून काढायची. तिसऱ्या कापाचा कोन आधी ठरवून ठेवू नका, तो कॉलर कुठे आहे त्यावरून ठरतो.

जुने काप वाचायला शिका, त्यासारखा गुरू नाही. वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या कापाभोवती नव्या लाकडाचं गोल, सगळीकडे सारख्या जाडीचं कडं आलं असेल तर काप बरोबर होता. दोन्ही बाजूंनीच उंचवटे आले आणि वर-खाली काहीच नाही, जखम डोळ्याच्या आकाराची दिसते, तर कॉलर गेली आहे.

कापावर डांबर, ऑइलपेंट किंवा शेण-माती लावून कुज थांबत नाही. झाडाच्या भिंती आतून तयार होतात, बाहेरच्या लेपाचा त्यांच्याशी संबंध नसतो. लेपाखाली ओल धरली तर बुरशीचं फावतं. फळबागेत लावतात ती बोर्डो पेस्ट वेगळी, ते ठरावीक रोगांसाठीचं बुरशीनाशक आहे आणि त्याची शिफारस पीक बघून केली जाते. ते पाहून रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाला डांबर फासायचं कारण नाही.

शेंडा उडवणं

‘पावसाळ्याआधी हलकं करा’ म्हणत मे महिन्यात झाडं बोडकी करतात. पानं गेली म्हणजे अन्न तयार करायची जागा गेली. झाड लाकडात साठवलेला स्टार्च खर्चून घाईने धुमारे फोडतं. हे धुमारे सालीलगतच्या सुप्त डोळ्यांतून येतात आणि खोडाच्या आतपर्यंत रुजलेले नसतात. चार-पाच वर्षांत ते जाड होतात आणि खाली बुडाशी कापाची कुज वाढत असते. मग वाऱ्यात ती फांदी कोसळते, आणि लोक म्हणतात छाटणी वेळेवर झाली नाही. एका वेळी पाव भागाहून जास्त हिरवा भार काढू नका, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहूनही कमी. नागरी भागात छाटणीलाही परवानगी लागते. १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा त्यासाठी आहे, तो एकदा वाचून काढा.

गुलमोहर आणि सोनमोहराची तपासणी करताना दोन सारख्या जाडीच्या फांद्यांचं अरुंद बेचकं शोधा. तिथे साल आत दुमडलेली असते, लाकडाला लाकूड जोडलेलंच नसतं. झाड लहान असतानाच त्यातली एक फांदी आखूड करत न्यावी. मोठं झाल्यावर दोर बांधून आधार देणं एवढंच उरतं.

ढोली म्हणजे झाड संपलं, असं समजणं

गाभा मृतच असतो, त्यामुळे पोकळ झाड मजेत जगू शकतं. शायगो यांच्या चार भिंतींपैकी वर-खाली अडवणारी सर्वांत दुबळी, म्हणून कुज नळीसारखी उभी पसरते. सर्वांत भक्कम भिंत जखमेनंतर तयार झालेल्या लाकडाच्या सीमेवर असते, आणि ती सहसा ओलांडली जात नाही. म्हणूनच ढोलीची रुंदी पाहून जखम झाली तेव्हा झाड साधारण किती जाड होतं याचा अंदाज येतो.

ढोली खरवडून ‘स्वच्छ’ करू नका, पाणी निघावं म्हणून भोक पाडू नका आणि सिमेंट भरू नका. पहिल्या दोन्हींत ती भिंतच फुटते. सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर वाकत नाही, आत घासतं, ओल धरतं, आणि झाड तोडायची वेळ आली तर चेनसॉ लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. लाकडी हातोड्याने खोड ठोकत बाहेरची निरोगी भिंत किती जाड आहे ते पाहा. ती त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वाटली, भेग दिसली किंवा बुडाशी तपकिरी, लाखेसारखी चमकणारी गॅनोडर्मा बुरशी दिसली, तर जाणत्या माणसाला बोलवा. गुलमोहराच्या बुंध्यावर ही बुरशी पुष्कळदा येते. ती आली म्हणजे आधाराची मुळं आत सडत असण्याची शक्यता असते, मग वर पानं कितीही हिरवी असोत.

मुळं खोल असतात, हा समज

पाणी-अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात, कारण त्यांनाही प्राणवायू लागतो. ती पसरतात फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले की मुळं गुदमरतात. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीबाबत २०१३ मध्ये झाडांभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. झाडाच्या गरजेच्या मानाने तेही कमीच आहे.

शेंड्याकडून झाड वाळत चाललं की लोक वर फवारणी करतात. आधी खाली बघा आणि विचारा, गेल्या चार-पाच वर्षांत इथे केबलचा चर खणला होता का, रस्ता उंच केला का, मुरूम टाकला का? मुळं तुटल्याचा परिणाम वर दिसायला कित्येक वर्षं जातात. बुंध्याजवळ चर गेला असेल तर त्या बाजूची आधाराची मुळं तुटलेली असतात, आणि पावसात माती मऊ झाली की झाड सहसा विरुद्ध बाजूला कलंडतं.

बुंधा जमिनीला टेकतो तिथे पायथ्याशी रुंद होत गेला पाहिजे. विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला तर तो मातीत गाडलाय. माती हळूहळू, हाताने काढा. पार बांधून आत भर घालतात तेव्हाही हेच होतं. वड-पिंपळ त्यातून निभावतात, कारण त्यांना खोडावरही मुळं फुटतात. कडुनिंबाची साल सडते. आणि वडाच्या पारंब्या वाहतुकीला नडतात म्हणून सरसकट कापू नका. जमिनीत पोचलेली पारंबी म्हणजे त्या आडव्या फांदीचा खांब.

खत-पाणी बुंध्याशी ओतूनही उपयोग नाही. आंब्याचे बागायतदार आळं फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यापासून लांब करतात, ते बरोबर करतात.

नसलेला रोग शोधणं

पांगारा आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण असतात, ती मेलेली नसतात. शंका आली तर कोवळ्या डहाळीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं आणि ओलं असेल तर ती जिवंत आहे. कोशिंबाची लालभडक नवी पालवीही निरोगीच. ‘बांडगूळ’ म्हणून ओरबाडून टाकलेली कितीतरी झाडं ऑर्किडची असतात. ऑर्किडची मुळं सालीवर नुसती टेकलेली असतात, ती झाडाचं काही घेत नाहीत. खरं बांडगूळ फांदीत मूळ घुसवून जलवाहिन्यांतलं पाणी पितं, आणि त्या जागी फांदीला गाठ येते. त्याची पानं खुडून भागत नाही. ती फांदी गाठीच्या खालून कापावी लागते.

नारळाला आंब्याचे नियम लावणं

नारळ, सुपारी, बॉटल पाम यांना कँबियमच नसतं. वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, आणि खोडावरची जखम झाकायला नवं लाकूड तयार होत नाही. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा किंवा बुटांच्या काट्यांची भोकं शेवटपर्यंत तशीच राहतात. खाचा पाडण्यापेक्षा पायात दोरी अडकवून किंवा चढायचं यंत्र लावून वर जावं. काट्यांचे बूट कोणत्याही जातीच्या झाडावर, ते तोडायचं असेल तेव्हाच. या झाडांना वाढीचा कोंबही एकच असतो, शेंड्यात. सौंदर्यासाठी वरच्या हिरव्या झावळ्या उतरवू नका, पूर्ण वाळलेल्या तेवढ्या काढा. वर गेलातच तर नव्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप आहेत का ते बघा: गेंड्या भुंगा कोंब पोखरतोय. कोंब गेला असेल तर खालून धुमारे येण्याची वाट बघत बसू नका, ते येत नाहीत.