मोरीतून कोण जातं? ठसे घेऊन कसं तपासावं

रस्त्यावर चिरडलेलं मुंगूस दिसतं. कडेपर्यंत येऊन मागे फिरलेला उंदीर दिसत नाही. रानउंदीर उघडं डांबर आणि साफ केलेल्या कडा टाळतात, त्यामुळे फारशी वर्दळ नसलेला रस्ताही त्यांना अडवतो. म्हणून नुसती मेलेली जनावरं मोजून भागत नाही, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्याही बघाव्या लागतात: लहान जनावरं त्यांतून पलीकडे जाऊ शकतात. नागपूर–शिवनी महामार्गावर पेंचजवळ 50 ते 750 मीटर रुंदीचे भुयारी मार्ग आहेत. घाटातल्या चिचुंद्रीला मात्र नळकांडी मोरी पुरते, ती धड असेल तर.

पाऊस थांबल्यावर काम धरा. वन विभाग आणि रस्त्याचं खातं, दोघांची परवानगी आधी घ्या.

मोरीच्या दोन्ही तोंडांशी, आतल्या बाजूला, भिंतीपासून भिंतीपर्यंत मातीचा पट्टा करा: मोरीच्या लांबीच्या दिशेने 60 सेंमी, जाडी 1 सेंमी. माती तिथलीच, वाळवून पिठाच्या चाळणीने चाळलेली. वाळू नको, उंदराचा ठसा तिच्यात ढासळतो. बोट हलकं टेकवा. बोटावरच्या रेषा मातीत उमटल्या तर पट्टा जमला. संध्याकाळी पट्टीने सारखा करा, उजाडताच वाचा. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो सरळ वरूनच काढा, तिरका फोटो माप चुकवतो. सलग पाच रात्री तरी हवेत.

मोरी ओलसर असेल तर 60 सेंमीची फळी ठेवा: मधे 20 सेंमी काजळीचा पट्टा, दोन्हीकडे कागद, म्हणजे काजळी लागलेले पाय कागदावर उमटतात. काजळी लिक्विड पॅराफिनमध्ये कालवा. खाद्यतेलाला मुंग्या लागतात.

उंदराच्या पुढच्या पायाची चार बोटं उमटतात, मागच्याची पाच. चिचुंद्रीची चारही पायांना पाच. मुंगसाच्या ठशात नखं दिसतात, रानमांजराच्या सहसा नाहीत. सशाचे लांबट मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडतात. साळिंदराचे काटे जमिनीवर घासून रेघा उठतात.

एकाच तोंडाशी ठसे असतील तर जनावर आसऱ्याला आत शिरलं असेल. एकाच दिशेने जाणारे दोन्हीकडे मिळाले, तरच ओलांडलं म्हणा. आणखी एक पट्टा रस्त्यापासून 50 मीटर आत झुडपात हवाच, बरेच जण तो टाळतात. तिथंही उंदीर नसेल तर मोरीला दोष देऊ नका.

तिथं आहे, मोरीत नाही? मग खालचं तोंड बघा. पाण्याने माती खरवडून पाइप फूटभर अधांतरी लोंबत असतो, उंदराला तो चढवत नाही. दगड रचून उतार करून घ्या. आत पाणी साचत असेल तर एका भिंतीलगत पाण्याच्या वर 20-30 सेंमी रुंद दगडी पाळ हवी. उंदीर भिंत धरूनच चालतात. पाळीने प्रवाह मात्र तुंबता कामा नये, नाहीतर पहिल्याच पावसात रस्ता खचेल.

हातमोजे घाला: उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) आजार होतो. आत हात घालण्याआधी बॅटरी मारा, मोरीत साप असतात.