लिनक्स कर्नलच्या सेटिंगचं डॉक्युमेंटेशन सुधारायचंय? एकच सेटिंग घ्या

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि स्वॅपिनेस ही त्यातली एक सेटिंग, रॅममधला डेटा स्वॅपमध्ये (रॅमला जोड म्हणून, सहसा डिस्कवर ठेवलेल्या जागेत) किती टाकायचा यासाठीची. स्वॅपिनेस ६० म्हणजे काय हे कुणालाही विचारा, बरेच जण सांगतात की रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. पण तो टक्का नाहीच! स्वॅपमधून पेज (मेमरीचा छोटा तुकडा) आणणं-टाकणं आणि फाइलची पेजेस डिस्कवरून परत वाचणं, यातलं काय किती महाग पडतं याचा तो अंदाज आहे, १०० म्हणजे दोन्ही सारखंच महाग. आधी रेंज १०० पर्यंतच होती, २०२० मधल्या ५.८ कर्नलपासून ती २०० झाली, कारण झेडरॅमसारखा स्वॅप मेमरीतच असतो आणि तो डिस्कपेक्षा फास्ट पडू शकतो. आता हे सगळं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नीट लिहिलेलं आहे, पण सगळ्याच सेटिंगचं नशीब असं नसतं, काहींना जेमतेम एक ओळ मिळालेली असते. म्हणून हात लावायचा.

कर्नलचा सोर्स गिटने (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) क्लोन करा, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घ्या, डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये ॲडमिन गाइड, त्यात सिसकंट्रोल (sysctl, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंग). व्हीएम (मेमरी), कर्नल, एफएस (फाइल सिस्टिम), नेट अशा फाइली आहेत, आरएसटी नावाच्या साध्या टेक्स्ट फॉरमॅटमधल्या. तुम्ही रोज वापरता अशी एकच सेटिंग निवडा, दहा नको.

आता मेन काम. ब्लॉग वाचून लिहायचं नाही, कोड वाचायचा. सेटिंगचं नाव गिट ग्रेपने (कोडमध्ये शब्द शोधणारी कमांड) शोधलं की कोडमधल्या सेटिंगच्या टेबलमधली एंट्री सापडते, तिथे परमिशन दिसते आणि बऱ्याचदा मिनिमम-मॅक्सिमम पण दिसतं. मग ते व्हेरिएबल कुठे कुठे वापरलंय ते बघायचं आणि गिट लॉगमध्ये ते का बदललं तेही वाचायचं, खरं कारण बहुतेक वेळा कमिट मेसेजमध्येच (बदलासोबत लिहिलेली टीप) असतं.

वाचणाऱ्याला काय हवं असतं? युनिट काय, डिफॉल्ट किती, रेंज काय आणि बदललं तर नक्की काय होतं. डर्टी रेशो घ्या, डिस्कवर अजून न लिहिलेला डेटा मेमरीत किती साठू द्यायचा याची टक्क्यातली मर्यादा. डिफॉल्ट २०, म्हणून १६ जीबीच्या मशीनवर लोक ३.२ जीबी असा हिशोब करून मोकळे होतात, पण हे २० टक्के एकूण रॅमचे नाहीत, मोकळी पेजेस आणि परत घेता येतील अशी पेजेस मिळून जी मेमरी होते तिचे आहेत. आणि डर्टी बाइट्समध्ये (तीच मर्यादा बाइट्समध्ये देणारी सेटिंग) काही लिहिलं की रेशो वाचताना शून्य दिसतो, कारण दोन्हीपैकी एकच चालू राहतं. ज्याला हे माहीत नाही तो शून्य बघून घाबरणारच ना.

परत फिरता येत नसेल तर ते अगदी वरती लिहा. मॉड्यूल्स डिसेबल्डला (चालू कर्नलला मॉड्यूल, म्हणजे वेगळे भाग, जोडणं-काढणं बंद करणारी सेटिंग) १ केलं की रीबूट होईपर्यंत ते परत ० होत नाही, हे चालू सर्व्हरवर कळणं फार वाईट.

लिहून झालं की व्हर्च्युअल मशीनमध्ये सेटिंगची व्हॅल्यू बदलून बघा, रेंजच्या बाहेरची पण टाकून बघा, एरर येतो का ते कळतं. मग मेक एचटीएमएलडॉक्स चालवा (त्यातून डॉक्युमेंटेशनची एचटीएमएल पानं बनतात), नवीन वॉर्निंग आली तर तुमच्याच ओळींमध्ये बघा, हेडिंगखालची रेघ छोटी पडली तरी स्फिंक्स, म्हणजे ती पानं बनवणारं टूल, ओरडतं.

पाठवताना एका पॅचमध्ये (केलेल्या बदलाची फाइल) एकच गोष्ट. स्पेलिंग दुरुस्ती आणि अर्थाचा बदल एकत्र केला तर तपासणाऱ्याला त्रास होतो. कमिट मेसेजमध्ये आधी काय चुकीचं होतं आणि कुठल्या कोडवरून कळलं ते लिहा, खाली साइन्ड ऑफ बाय टाका (हा बदल द्यायचा हक्क आपल्याला आहे असं सांगणारी आपल्या नावाची ओळ), चेकपॅच (पॅचमधल्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट) चालवा, गेट मेंटेनर स्क्रिप्ट कुणाला पाठवायचं ते सांगते. मेल प्लेन टेक्स्टमध्येच, गिट सेंड-ईमेलने पाठवलं की टॅब-स्पेसची वाट लागत नाही. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबून मगच विचारा, आणि कुणी बदल सुचवला तर तो करून व्ही२ (दुसरी आवृत्ती) म्हणून पाठवा, काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहून.