खोकला गोळीचा, इलाज घशाचा: औषधांच्या दुष्परिणामांबाबत या चुका टाळा

आत्याला रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झालं आणि साधारण पाच आठवड्यांनी तिला कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव आणि रात्री आडवं झालं की ढास. दोन प्रकारची सिरप झाली. छातीचा एक्स-रे झाला, तो स्वच्छ आला. मग ॲलर्जीची गोळी, तिने दिवसभर झापड. तिसऱ्या महिन्यात एका डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "खोकल्याच्या आधी नवीन काय सुरू झालं होतं?"

त्रासाला नवा आजार समजणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्या (रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल) शरीरातलं एक एन्झाइम रोखतात आणि त्यामुळे रक्तदाब उतरतो. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाची विल्हेवाटही लावत असतं. ते काम थांबलं की हा पदार्थ श्वासमार्गात साचतो आणि खोकल्याची उबळ येते. घशात काही बिघडलेलंच नसतं, मग सिरप तरी काय करणार? अशा वेळी डॉक्टर बहुधा लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी 'सार्टन' गटातली गोळी देतात, तिच्यात हा त्रास क्वचित होतो. गोळी बदलल्यावर खोकला सहसा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींचा तीन महिनेही रेंगाळतो. आत्याचा तिसऱ्या आठवड्यात गेला.

रक्तदाबाच्याच ॲम्लोडिपिन या गोळीने घोट्यांवर येणारी सूज ही याच जातीची. ही गोळी लहान रोहिण्या सैल करते, त्या मानाने नीला तितक्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत झिरपतं. म्हणजे अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. मात्र ती गोळी सुरू झाली की पोटॅशियम उतरू शकतं, युरिक ॲसिड वाढून सांधा धरू शकतो आणि मग त्या सांध्यासाठी आणखी एक गोळी येते. एका गोळीचा त्रास निस्तरायला दुसरी, दुसरीचा निस्तरायला तिसरी. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो, फक्त सगळी साखळी कुणी एकत्र पाहिलेली नसते.

उपाय अगदी साधा आहे. दोन तारखा लिहून ठेवायच्या: गोळी (किंवा वाढवलेला डोस) कधी सुरू झाली आणि त्रास कधी सुरू झाला. तारखा जवळजवळ असतील तर संशय आधी गोळीवर घ्यायचा. उलट बाजूने मात्र हा नियम पक्का नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे 'बी-१२' जीवनसत्त्व कमी होऊन पायांना मुंग्या येऊ लागतात, त्या वर्षानुवर्षं गोळी घेतल्यानंतर. तेव्हा 'ही तर मी कधीपासून घेतोय' म्हणून जुन्या गोळीला यादीतून वगळू नका.

गोळी एकदम बंद करणं, किंवा गुपचूप अर्धी करणं

मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल या हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्यांनी थकवा येतो, हातपाय गार पडतात, म्हणून लोक त्या सोडून देतात. गोळी चालू असताना हृदय ॲड्रेनॅलिनसाठी जास्त संवेदनशील झालेलं असतं. गोळी अचानक काढली की धडधड, छातीत दुखणं, आणि आधीच हृदयविकार असेल तर झटकासुद्धा येऊ शकतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड काही आठवडे घेतलं की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी काम थांबवून बसतात, त्यांना पुन्हा जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. फिटच्या गोळ्या तोडल्या तर एकामागून एक फिट येऊ शकतात. नैराश्यावरच्या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. लोक त्याला 'सवय लागली' म्हणतात. ते व्यसन नसतं, डोस हळूहळू उतरवायचा राहून गेलेला असतो.

पूर्ण बंद करण्यापेक्षा अर्धी करणं लोकांना सुरक्षित वाटतं. त्यातली गोम वेगळीच आहे. तुम्ही अर्धी घेताय हे डॉक्टरांना माहीत नसतं. रक्तदाब वाढलेला दिसतो, त्यांना वाटतं गोळी पुरत नाही आणि ते डोस वाढवतात. तुम्ही आता ती नवी गोळीही अर्धी करता. आणि एखाद्या दिवशी दवाखान्यात दाखल झालात, तर तिथे कागदावरचा पूर्ण डोस सुरू होतो.

दोन आठवडे थांबायचं तिथे न थांबणं, आणि थांबून उपयोग नाही तिथे थांबणं

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळ्यांनी सुरुवातीला मळमळ होते, ती बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. गुण यायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात. त्रास आधी, फायदा नंतर, आणि नेमकं मधेच गोळी सुटते. हे आधी माहीत असेल तर ते दिवस निभतात. पण याच दिवसांत बेचैनी वाढली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, विशेषतः रुग्ण तरुण असेल तर.

मेटफॉर्मिनचे जुलाब आणि गॅसेस गोळी जेवणासोबत घेतल्याने, लहान डोसपासून चढत गेल्याने किंवा हळू विरघळणाऱ्या प्रकाराने बरेच कमी होतात. डॉक्टरांकडे हा प्रकार मागायला लाजू नका.

मॉर्फिन, ट्रामाडोल यांसारख्या तीव्र वेदनाशामकांचं गणित उलटं आहे. गुंगी आणि मळमळ यांना शरीर सरावतं, बद्धकोष्ठतेला सरावत नाही. इथे वाट पाहण्यात अर्थ नाही. ही औषधं काही दिवस चालणार असतील तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या. पाणी कमी पिऊन नुसतं इसबगोल घेत राहिलात तर आतडं आणखी तुंबू शकतं.

गोळी बरोबर, घेण्याची रीत चूक

रात्री निजताना पाण्याच्या एका घोटाबरोबर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक गिळून आडवं व्हायचं आणि सकाळी छातीत जळजळ, गिळताना कळ. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळते आणि व्रण करते. पेलाभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास तरी ताठ बसायचं. हाडांच्या ठिसूळपणासाठीची ॲलेन्ड्रोनेट तर उठल्याउठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यायची आणि नंतर किमान ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही. डॉक्सिसायक्लिन चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, हेही कुणी सांगत नाही.

झोप उडत असेल तर आधी वेळ तपासा. स्टेरॉइड आणि लघवीची गोळी शक्यतो सकाळी असते, संध्याकाळी घेतली की रात्र जागण्यात जाते. नावापुढे एस.आर., एक्स.आर. किंवा सी.आर. असलेली गोळी कुटू नका, चावू नका. दिवसभरात थोडा थोडा सुटायचा डोस एकदम सुटतो. स्टेरॉइडचा इनहेलर ओढल्यावर चूळ भरून थुंकलं नाही तर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनी अंथरुणातून थेट उभं राहू नये. आधी कडेवर मिनिटभर पाय सोडून बसावं, मग उठावं. रात्री लघवीला उठताना पडण्याचे प्रकार इथेच होतात.

स्वतःच्या मनाने 'साधी' गोळी जोडणं

अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. रक्तदाबासाठी 'प्रिल' किंवा 'सार्टन' आणि सोबत लघवीची गोळी चालू असेल तर या तिघींची युती मूत्रपिंडांना जड जाते, त्यातून उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर जास्तच. पॅरासिटामॉल तुलनेने बरी, पण ती सर्दीच्या गोळीतही लपलेली असते. मोठ्या माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. अँटिबायोटिकने लागलेल्या जुलाबांत रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका. असे जुलाब औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही लागू शकतात.

सोबतचा कागद वाचून घाबरणं

त्या बारीक अक्षरांत सगळंच लिहिलेलं असतं. 'दुर्मीळ' म्हणजे साधारणपणे १,००० जणांत एकाहून कमी, हे तळटीपेत असतं आणि तिथवर कुणी पोहोचत नाही. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनने त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांवरचा एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिने त्यांना स्टॅटिन दिलं, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, काही महिने काहीच नाही. त्रासाला १०० पैकी गुण द्यायचे होते. गोळी नसताना सरासरी ८, खोट्या गोळीवर १५.४ आणि खऱ्यावर १६.३. हे नाटक नव्हे. भीतीनेही खरंखुरं अंग दुखतं. निकाल दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. मात्र स्नायू असह्य दुखत असतील आणि लघवी कोलासारखी गडद होत असेल तर ती भीती नव्हे. गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

रंगांचं म्हणाल तर क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, लोहाच्या गोळीने शौच काळं होतं. दोन्ही निरुपद्रवी. पण वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं झालं, तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.

फोन करायचा की थेट जायचं, यात वेळ घालवणं

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, पुरळाबरोबर फोड आले, तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या, डोळे पिवळे झाले: इथे तारखांची वही नको, आधी दवाखाना. 'प्रिल' गोळ्यांनी येणारी ओठ-जिभेची सूज महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकते.

प्रत्येक त्रासाला 'ॲलर्जी' म्हणणं

पेनिसिलिनने लहानपणी एकदा मळमळलं, घरच्यांनी 'ॲलर्जी आहे' सांगितलं, ते कागदावर चढलं आणि पुढे जन्मभर चांगलं औषध हाताशी असून वापरता येत नाही. मळमळ, जुलाब, खोकला हे दुष्परिणाम आहेत. गांधी, सूज, श्वास कोंडणं ही ॲलर्जीची लक्षणं. डॉक्टरांना लेबल नको असतं, हकिगत हवी असते: औषधाचं नाव, डोस, काय झालं, किती दिवसांनी, कशाने थांबलं.

आत्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता माझ्या अक्षरात लिहिलंय: 'रामिप्रिल ५ मि.ग्रॅ. पाचव्या आठवड्यापासून कोरडा खोकला. बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात थांबला. ॲलर्जी नाही.' खाली तिने स्वतः पेन्सिलने भर घातली आहे: 'सिरप दोन, एक्स-रे एक, फुकट.'