क्रिप्टिक कोडं अडलं तर आधी टोकं बघा
क्रिप्टिक शब्दकोडं, म्हणजे क्ल्यूत शब्दांचा खेळ करून उत्तर लपवलेलं कोडं, सोडवताना आख्खा क्ल्यू घोकत बसू नका, सरळ अर्थ बहुतेक वेळा एका टोकाला असतोय, सुरुवातीला नाहीतर शेवटी, बाकी सगळं फिरवाफिरवी. 'उलटी वाहणारी नदी गरीब (2)', ह्यात (2) म्हणजे उत्तर दोन अक्षरी, अर्थ फक्त 'गरीब', नदी उलटी केली की दीन. चौकोनात अक्षर काना-मात्रेसकट जातंय, 'दी' फोडायचा नाही. 'शहापूरच्या शेवटाला पाणीच पाणी (2)' म्हणजे पूर, शहापूर बेळगावातलंच, हे तरी बेळगावकराला सुटायला पाहिजे की! मी खानापूरच्या बसमध्ये पेन्सिलनंच भरतो, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं आली की न सुटलेल्या क्ल्यूशेजारी युक्ती लिहितो: उलटं, लपलेलं, का अक्षरं ढवळलेली. माझी गाडी कायम लपलेल्यातच अडकतीय.