सांगलीच्या गच्चीवरून पृथ्वीचा घेर कसा मोजावा

दहावीच्या पुस्तकातला टॅन, एक ओळंबा आणि धुळ्यात राहणारं कुणी पाहुणं, एवढ्यावर पृथ्वीचा घेर मोजता येतो. धुळंच का, तर ते सांगलीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. दोन्हीकडे मध्यान्ह एकदमच होते.

दिवस ७ मेच्या आसपासचा घ्या. तेव्हा सांगलीत शून्य सावली असते, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही तो तसाच येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं आणि सांगलीकरांचं लक्ष कृष्णेच्या पाण्याकडे.

सगळे काठी रोवायला सांगतात. मी सांगणार नाही. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ सेंटीमीटरभर धूसर होतं आणि मोजमाप तिथेच फसतं. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याला दाभणाने बारीक भोक पाडा. दोन खुर्च्यांच्या आधाराने पुठ्ठा आडवा बांधा, भोक खालच्या कागदापासून बरोबर १०० सेंटीमीटर उंच हवं. कागदाखालची फळी स्पिरिट लेव्हलने सपाट करून घ्या. भोकातून ओळंबा सोडा आणि तो टेकतो तिथे खूण करा.

सव्वाबारा ते पाऊण, दर पाच मिनिटांनी कागदावरच्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य पेन्सिलीने टिपा. मध्यान्ह साडेबाराच्या दोन-तीन मिनिटं आधी होईल, पण घड्याळावर विसंबू नका. टिपलेले बिंदू जोडा आणि ओळंब्याच्या खुणेपासून त्या रेषेवर लंब टाका. हे लंबाचं अंतर आपल्याला हवं आहे. त्याच दिवशी धुळ्यातही हेच करायचं. दिवस बदलला तर सूर्यही सरकलेला असतो.

सांगलीत अंतर शून्य किंवा काही मिलिमीटर येईल. धुळ्यात ते ओळंब्याच्या उत्तरेला, ७.१ सेंटीमीटरच्या आसपास. अंतराला उंचीने भागा: ०.०७१. कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स दाबा: ४.०६ अंश. सांगलीचा ठिपका उत्तरेला सरकला असेल तर तेवढा कोन वजा करा, दक्षिणेला असेल तर मिळवा.

सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचे किरण समांतर धरता येतात. म्हणून हा कोन आणि पृथ्वीच्या केंद्राशी सांगली-धुळे जो कोन करतात तो, हे व्युत्क्रम कोन, म्हणजे समान. आता दोन्ही गावांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर छापील नकाशाच्या प्रमाणपट्टीवरून काढा. एसटीच्या रस्त्याचे किलोमीटर चालणार नाहीत. फोनवरून अक्षांश घेऊन त्यांना १११ ने गुणणंही नको, कारण त्या १११ मध्ये उत्तर आधीच दडलेलं आहे. अंतर येतं सुमारे ४५० किलोमीटर.

४५० × ३६० ÷ ४.०६ = सुमारे ३९,९०० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८ आहे. धुळ्यात एक मिलिमीटर चुकलं तर उत्तर साडेपाचशे किलोमीटरने हलतं, म्हणून भोकाचा एवढा आग्रह. इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये याच युक्तीने ७.२ अंशांचा फरक वापरला. दक्षिणोत्तर दोन गावांचं अंतर आणि अक्षांशांतला फरक यांचं त्रैराशिक मांडून परिघ काढायची रीत १२व्या शतकात भास्कराचार्यांनीही दिली आहे.

पण दोन गावांवरून पृथ्वी गोल आहे हे सिद्ध होत नाही, आणि ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही. पृथ्वी सपाट आणि सूर्य फक्त ६,३४० किलोमीटर उंच मानला, तरी धुळ्यात ७.१ सेंटीमीटरच येतील. निकाल लावायला तिसरं, लांबचं ठिकाण हवं. श्रीनगर जवळपास याच रेखांशावर, सांगलीपासून सुमारे १,९१० किलोमीटर उत्तरेला आहे. सपाट पृथ्वीच्या हिशेबाने तिथे ३०.१ सेंटीमीटर यायला हवेत, गोल पृथ्वीच्या हिशेबाने ३१. नऊ मिलिमीटरचा हा फरक शाळेच्या पट्टीवर सहज वाचता येतो.